अपेक्षित उत्तर

बी.एड.ला गेलं की माणूस शिकवायला शिकतो, असा घरच्यांचा समज असतो. आधी तो रेघा मारायला शिकतो. 35 मिनिटांच्या एका पाठाचं टाचण काढायचं म्हणजे वही आडवी धरून रकाने पाडायचे: आशय, उद्दिष्टं व स्पष्टीकरणं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, मूल्यमापन. समास हिरवा, शीर्षक लाल, आणि काळा स्केचपेन ऐनवेळी वाळलेला. रात्री थ्री फेजची लाइन आली की आमचे बाबा बॅटरी घेऊन गव्हाच्या ओलिताला निघायचे. जाता जाता माझ्या वहीकडे पाहायचे आणि म्हणायचे, "अजून सऱ्याच पाडून राह्यला काय बे? पेरशील कवा?"

सगळ्यांत अचाट रकाना विद्यार्थीकृतीचा. उद्या सहावीतलं पोरगं काय बोलणार, ते आज रात्री निळ्या शाईनं लिहून ठेवायचं. गावातला जोशीसुद्धा 'योग दिसतो' एवढंच म्हणतो. आम्ही ठाम लिहितो, 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' 'विद्यार्थी उत्साहाने उत्तर देतात.' त्याखाली अवतरणचिन्हांत अपेक्षित उत्तर. अपेक्षित उत्तर नसेल तर मार्गदर्शक सर टाचणावर सही करत नाहीत, आणि सही नसेल तर पाठ होत नाही. म्हणजे पोरानं काय बोलायचं हे पोराच्या आधी सरांनी मंजूर केलेलं असतं. पोराला तेवढं कळवायचं राहून जातं.

पूर्वी हा कोर्स एका वर्षात आटपायचा. 2015 पासून तो दोन वर्षांचा झाला आणि त्यात 20 आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन करायचा सराव, आली. माझ्या काकांच्या वेळी बी.एड. होईपर्यंत सोयरीक टिकायची. आता पहिल्या वर्षी पाहून गेलेले पाहुणे दुसऱ्या वर्षी पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतात.

शाळेत पाय ठेवण्याआधी सूक्ष्म अध्यापन असतं. ही पद्धत 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली. आमच्या तालुक्याच्या गावी तिचं रूप असं: 6 मिनिटं शिकवायचं, 6 मिनिटं बोलणी खायची, 12 मिनिटं टाचण दुरुस्त करायचं, पुन्हा 6 मिनिटं शिकवायचं, पुन्हा 6 मिनिटं बोलणी खायची. बोलण्यांना प्रत्याभरण म्हणतात. विद्यार्थी म्हणून आपलेच सोबती बसतात. आमच्यात पहिल्या बाकावर दोन वेण्या घातल्यासारखा चेहरा करून बसणाऱ्या ताईंचा स्वतःचा मुलगा सातवीत होता. प्रबलन कौशल्याच्या पाठात उत्तर देणाऱ्याला दाद द्यायची असते आणि तोच शब्द पुन्हा वापरायचा नसतो. माझ्या एका दोस्ताचे छान, शाब्बास, उत्तम, अगदी बरोबर हे चारही शब्द खर्ची पडले आणि पाचव्या उत्तराला त्याच्या तोंडून निघालं, "येऊ द्या!" त्याचे मामा खडीगंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, डफ वाजवतात, त्याला इलाज नाही.

मानसशास्त्राच्या तासाला पावलॉवचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, स्किनरचा उंदीर आणि कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी एवढी मंडळी भेटली. माणसाचं लेकरू त्या पुस्तकात बरंच उशिरा येतं.

मला गणिताचा पाठ मिळाला: इयत्ता सहावी, नफा-तोटा. सरांनी सांगितलं, उदाहरण परिसरातलं घ्या. परिसरात दुसरं काय आहे! आमच्या वर्धा जिल्ह्यात सेलू असो, देवळी असो की हिंगणघाट, जिकडे पाहावं तिकडे पऱ्हाटी. मी कार्डशीटवर कापसाची बैलगाडी काढली, खाली उदाहरण लिहिलं आणि चार्टची सुरळी घेऊन सकाळच्या काळी-पिवळीत बसलो. शेजारच्या आजोबांनी सुरळीकडे दोन-तीनदा पाहिलं.

"नकाशा हाय काय?"

"नाही, आबाजी. चार्ट आहे."

"मोजणीवाले का तुम्ही? आता कोनाच्या वावरातून रस्ता काढून राह्यले?"

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या भागात कागदाची सुरळी घेतलेला माणूस कोणाला आवडत नाही. मी चार्ट उलगडून दाखवला. आबाजींनी बैल नीट न्याहाळले आणि डावा बैल लंगडा काढला आहे असं सांगून पुढच्या फाट्यावर उतरले. आठ जणांच्या गाडीत मग उरलेल्या बारा जणांनी तो बैल पाहिला.

सरावपाठाच्या शाळेतली पोरं आमच्यापेक्षा अनुभवी असतात. दरवर्षी बी.एड.वाले येतात, तेच टाचण, तीच धडधड. मी वर्गात शिरल्याबरोबर सवयीनं शीर्षक लिहायला खडू उचलला, तर पुढच्या बाकावरचं एक पोट्टं दबक्या आवाजात म्हणालं, "सर, आधी प्रस्तावना. मग हेतुकथन. मग फळ्यावर." मागे निरीक्षक सर वही उघडून बसलेले. चार्ट टांगायला भिंतीला खिळा नव्हता. त्या पोट्ट्यानं न सांगता उठून तो दोन्ही हातांनी धरला आणि तासभर उभं राहायची तयारी असल्यासारखा एक पाय भिंतीला टेकवला.

प्रस्तावना सुरळीत गेली. हेतुकथन झालं. मग मी चार्टवरचं उदाहरण वाचलं: रामरावांना 10 क्विंटल कापूस पिकवायला 50,000 रुपये खर्च आला. तो त्यांनी 60,000 रुपयांना विकला. तर रामरावांना शेकडा नफा किती झाला?

माझ्या वहीत अपेक्षित उत्तर होतं: 'शेकडा 20.' वर्गात एकही हात वर नाही. मग खिडकीजवळच्या मुलीनं विचारलं, "सर, 50,000 मंदी वेचाई धरली काय?"

वेचाई म्हणजे कापूस वेचायची मजुरी. हा प्रश्न टाचणात नव्हता. मी म्हटलं, "सगळा खर्च धरला आहे असं समजा."

"असं कसं समजाचं? किलोमागं दहा रुपये वेचाई हाय, सर. 10 क्विंटलचे 10,000 तेच झाले. आता नफा कुठं राह्यला?"

झालं. पाठ माझ्या हातातून गेला तो तिथे. एकानं रखवाली काढली: रोही (नीलगाई) आणि रानडुकरं रात्रीची येतात, जागलीचे पैसे कोण देणार? दुसऱ्यानं विचारलं, रामराव ठेक्यानं वाहते की घरचं वावर हाय? तिसरा म्हणाला, फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरचा कापूस, असंल तर हा भाव भेटतच नाही. चार्ट धरलेल्या पोट्ट्यानं चार्टच्या मागूनच सांगितलं, "सर, ओलाव्याचं इचारा." मी काय विचारणार, त्यानंच सांगितलं. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर गाडीत यंत्र खुपसतात. 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पुरा भाव. त्याच्यावर चढला की टक्क्यामागे भाव कापतात आणि 12 च्या वर गेला तर गाडी परत. टक्केवारीचं पूर्वज्ञान तपासायला मी वेगळे तीन प्रश्न काढून आणले होते. ते वहीतच राहिले.

खिडकीजवळच्या मुलीनं तोवर वहीत मांडणी केली होती. मला म्हणाली, "फळ्यावर मी लिहू काय?" माझ्या टाचणात 'विद्यार्थी फळ्यावर उदाहरण सोडवतात' असं शेवटून दुसऱ्या ओळीत होतं, म्हणून मी खडू दिला. खर्च 50,000. वेचाई 10,000. गाडीभाडं, हमाली अन् चहापाणी मिळून 2,500. एकूण 62,500. विक्री 60,000. तोटा 2,500. मग तिनं 2,500 ला 100 नं गुणलं, 62,500 नं भागलं, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या: शेकडा 4 तोटा. बाकी शून्य. सूत्र मी अजून सांगितलंच नव्हतं. ते पुढच्या पानावर लाल चौकटीत होतं.

गंमत अशी की गांधीजींच्या वर्धा शिक्षण योजनेवरचं मोठं उत्तर मला तोंडपाठ होतं. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला इथेच वर्ध्यात परिषद भरली, झाकीर हुसेन समितीनं अभ्यासक्रम आखला, टकळीवरच्या सुतातून मुलांना गणित येईल असं ठरलं. याला समवाय म्हणतात. गाइडात तो शब्द ठळक छापला होता आणि मीही त्याच्याखाली रेघ मारली होती. आता समवाय समोर उभा राहून माझं उदाहरण चुकीचं ठरवत होता आणि मागे निरीक्षक सर लिहीत होते.

टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, हे होत नाही. सहावी ते आठवीसाठीचा दुसरा पेपर 150 गुणांचा, वेळ 150 मिनिटं, खुल्या गटाला पास व्हायला 90 हवेत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि त्यांत 'वेचाई धरली काय?' हा पर्याय कधीच नसतो. त्यानंतर अभियोग्यता चाचणी असते. तिथे 2 तासांत 200 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. रामरावांचा हिशोब तेवढ्यात होत नाही. मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, मला अजून नोकरीला लागायचं आहे.

तास संपल्यावर निरीक्षणवही हातात आली. शेरा होता: 'विद्यार्थी सहभाग उत्तम. अपेक्षित उत्तर मिळाले नाही. फलकलेखन तिरपे.' तिरपं फलकलेखन त्या मुलीचं होतं, पण ते मी बोललो नाही. सरांनी मला व्हरांड्यात घेतलं. वाटलं, आता प्रत्याभरण.

"त्या पोरीनं वेचाई दहानं धरली ना?"

"हो, सर."

"आमच्याकडं बारा मागून राह्यले. कोणतं गाव तिचं?"

मी चौकशी करून सांगतो म्हटलं. मग त्यांना आपण निरीक्षक असल्याची आठवण झाली आणि त्यांनी सांगितलं की हाच पाठ 'ब' तुकडीवर पुन्हा घ्या, मात्र उदाहरण बदला. शेतकरी नको. दुकानदार घ्या, सोपं पडते.

मी रात्रभर बसून नवं टाचण काढलं. बाबा ओलिताहून परत आले तेव्हा मी समास आखत होतो. ते या खेपेला काही बोलले नाहीत, चहा मांडला. दुसऱ्या दिवशी 'ब' तुकडीत नवा चार्ट लावला. त्यावर बैल नव्हता, कापडाचं दुकान होतं. चार्ट धरायला तेच पोट्टं आलं. त्याची तुकडी 'अ', पण त्यानं पी.टी.चा तास सोडला होता. मी वाचायला सुरुवात केली, "एका कापड दुकानदाराने एक शर्ट 400 रुपयांना..."

"नफा!" सगळा वर्ग एका आवाजात.

"अरे, विक्री किंमत तर ऐका."

"कायले, सर? दुकानदार हाय ना?"

मागच्या बाकावर निरीक्षक सरांनी वहीत बरोबरची खूण केली. अपेक्षित उत्तर मिळालं होतं.