साय म्हणजे दुधाचं सगळं सत्त्व नाही, तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

मागच्या पंधरा दिवसांत तो सायीवाला मेसेज मला पाच ग्रुपवर आला. माहेरचा ग्रुप, सासरचा, सोसायटीचा, भिशीचा आणि मुलाच्या शाळेतल्या पालकांचा. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेसेज म्हणतो की इंग्लंडमधलं महागडं क्लॉटेड क्रीम म्हणजे आपली सायच, फक्त नाव वेगळं. दुधातलं सगळं सत्त्व सायीत येतं, खाली उरतं ते पांढरं पाणी. घरच्या सायीत कोलेस्टेरॉल नसतं, म्हणून लहान मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी रोज सकाळी उपाशीपोटी चार मोठे चमचे खायची. जाड साय आली तर दूध शुद्ध, पातळ आली तर भेसळ. सायीत लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर नसते, तिने चेहरा गोरा होतो आणि क्रीमच्या जागी ती कुठल्याही भाजीत चालते.

मी नागपुरात मानेवाड्याला घरून डबे देते, रोज पाच लिटर दूध तापवते, त्यामुळे साय माझ्या हातातली गोष्ट आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण या मेसेजमुळे आमच्याच घरात दोन गोष्टी झाल्या. बाबांना म्हणजे माझ्या सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, ते रोज सकाळी वाटीत साय घेऊन बसायला लागले. आणि जाऊबाई त्यांच्या चार वर्षांच्या पोरीला दुधाचा कप बंद करून साय-साखर देऊन राहिल्या होत्या, उरलेलं दूध चहाला. ते पाहून मला गप्प बसवलं नाही.

सगळ्यात आधी तो सत्त्वाचा मुद्दा घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. दुधातलं फॅट पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून ते वर येतं, वरणावर तूप घातलं की ते कसं वर तरंगतं तसं. पण प्रोटीन आणि कॅल्शियम काही तरंगत नाहीत. दुधातलं मुख्य प्रोटीन केसीन, त्याचे अगदी बारीक कण दुधभर पसरलेले असतात आणि कॅल्शियमचा बराच मोठा वाटा त्या कणांनाच बांधलेला असतो, उरलेला पाण्यात विरघळलेला. म्हणजे तो राहतो कुठे, तर खालच्या दुधात. आकडेच पाहा ना. १०० ग्रॅम क्लॉटेड क्रीममध्ये साधारण ६३ ते ६४ ग्रॅम फॅट असतं, ५८६ कॅलरी असतात, पण प्रोटीन दीड ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम ४० मिलिग्रॅमच्याही आत. तेवढ्याच म्हशीच्या दुधात प्रोटीन साडेतीन ग्रॅमच्या वर आणि कॅल्शियम साधारण १२० मिलिग्रॅम, कॅलरी शंभराच्या थोड्या वर. ज्याला पांढरं पाणी म्हणून राहिलेत त्याच्यात कॅल्शियम तिप्पट आहे.

आता कोणी म्हणेल की आपली साय वेगळी आहे, आणि ते खरंच आहे. दूध तापलं की त्याच्यातली, पनीर केल्यावर खालच्या पाण्यात राहणारी प्रोटीन्स साधारण ७० अंशांच्या वर आपला आकार सोडतात, एकमेकांना धरतात, वरून पाणी उडत जातं आणि त्या जाळीत फॅट अडकतं, तीच साय. त्यामुळे आपल्या सायीत क्लॉटेड क्रीमपेक्षा थोडं जास्त प्रोटीन असू शकतं. पण एक लिटर दुधावरची साय निघणार किती, शंभर ग्रॅम धरा, म्हणजे फार झाली, तर उरलेल्या नऊशे मिलीत त्या दुधाचं बहुतेक सगळं प्रोटीन आणि कॅल्शियम तसंच राहतं. मी जाऊबाईंना हे आकडे सांगितले नाहीत, त्यांच्यासमोर कालचं साय काढलेलं दूध गॅसवर ठेवलं आणि लिंबू पिळलं. फडक्यात पनीरचा चांगला गोळा निघाला. पाणी असतं तर हे कुठून आलं असतं वहिनी, एवढंच विचारलं. पोरीचा कप परत सुरू झाला.

मेसेजमध्ये अर्धं खरं एक आहे, ते नाकारून चालणार नाही. अ जीवनसत्त्व फॅटमध्ये विरघळतं, त्यामुळे ते सायीसोबत जातं. आणि दोन वर्षांच्या आतल्या लेकराचं फॅट उगाच कमी करायचं नसतं. पण त्यासाठी दूध सायीसकट ढवळून द्या ना, साय काढून वेगळी भरवायची आणि दूध सोडून द्यायचं हे काहून?

कोलेस्टेरॉलचा मुद्दा तर सरळ सरळ खोटा आहे आणि मला राग याचाच आला. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या फॅटमध्ये असतंच, ते घरचं का बाहेरचं, देशी का विदेशी, म्हशीचं का गाईचं, हे त्याला कळत नाही. तापवल्याने ते उडूनही जात नाही. लोणी, तूप, साय, क्रीम सगळ्यांत आहे, फॅट जेवढं जास्त तेवढं ते जास्त. आणि खरी काळजी कोलेस्टेरॉलपेक्षाही सॅच्युरेटेड फॅटची करायची असते, कारण रक्तातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवायला ते जास्त कारणीभूत ठरतं, आणि दुधाच्या फॅटमध्ये साधारण ६० ते ६५ टक्के तेच असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ते ठेवा. बाबांचं जेवण दिवसाला १६०० कॅलरीचं धरलं तर ते होतात १८ ग्रॅमच्या आत. घरच्या सायीत फॅटचा आकडा एकसारखा नसतो, दुधावर आणि भांड्यावर असतो, पण समजा ४० टक्के धरला, तर चार मोठे चमचे म्हणजे ६० ग्रॅम सायीत २४ ग्रॅम फॅट आणि त्यातलं १५ ग्रॅम सॅच्युरेटेड. म्हणजे पोह्यांची प्लेट समोर यायच्या आधीच दिवसाचा कोटा संपत आला. मग दुपारच्या वरणावरचं तूप, संध्याकाळचा चहा, ते कुठे बसवायचं? ज्याने हा मेसेज लिहिला त्याने म्हाताऱ्यांनी रोज खावी असं लिहिताना एकदाही विचार केला नाही की आपल्याकडे घराघरात शुगर आहे, बीपी आहे, स्टेंट आहेत. बाबांच्या डॉक्टरांना आम्ही विचारलं, त्यांनी रोजची साय लगेच बंद करायला सांगितली.

क्लॉटेड क्रीम म्हणजेच साय का? नात्यातली आहे, पण तीच नाही. क्लॉटेड क्रीम इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये करतात. जुनी पद्धत अशी की पसरट भांड्यात मलईदार दूध स्थिर ठेवायचं, मलई वर आली की उकळी न फुटू देता अगदी मंद आचेवर किंवा गरम पाण्याच्या भांड्यावर कितीतरी वेळ तापवायचं आणि मग न हलवता सावकाश थंड होऊ द्यायचं. वर सोनेरी पापुद्रा येतो, खाली लोण्यासारखं घट्ट. आता बहुतेक ठिकाणी आधी क्रीम वेगळं काढून तेच ट्रेमध्ये तापवतात. कॉर्नवॉलच्या क्लॉटेड क्रीमला १९९८ पासून त्या जागेच्या नावाचं संरक्षण आहे, आपल्या जीआयसारखं म्हणजे भौगोलिक मानांकनासारखं, आणि त्यात फॅट निदान ५५ टक्के लागतं. आपण दूध भराभर उकळतो, खाली उतरवतो, वर जी येते ती काढतो. त्यामुळे आपली साय पातळ, पापुद्र्याची, चिवट आणि त्यांची दाट, चमच्याने उचलून स्कोनवर म्हणजे तिकडच्या बनसारख्या पावावर ठेवायची.

पण नातं खरंच सुंदर आहे आणि मेसेजवाल्याने तेच सोडून दिलं. तुर्कस्तानात कायमाक करतात, इराकमध्ये म्हशीच्या दुधाचं गेमर असतं, सकाळी ब्रेडसोबत खजुराच्या पाकाबरोबर खातात. आणि कॉर्नवॉलचे लोक ब्रेडवर क्लॉटेड क्रीम लावून वरून ट्रीकल म्हणजे उसाचा काळा पाक घालतात, त्याला ते 'विजा आणि गडगडाट' म्हणतात. हे मला कळलं तेव्हा मला माझी आजी आठवली, गरम पोळीवर साय पसरून वरून काकवीची धार धरणारी. कुठे कॉर्नवॉल आणि कुठे आमचं काटोलकडचं घर, पण जीभ एकच.

जाड साय म्हणजे शुद्ध दूध, हे तर गवळीही मान्य करणार नाहीत. आमच्याकडे वर्षानुवर्षे दूध घालणारे भाऊ आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, म्हशीचं अन् गाईचं दूध एकाच भांड्यात तापवून पाहा जी, अन् मंग मले सांगा भेसळ कोणात आहे." म्हशीच्या दुधात फॅट ६ ते ८ टक्के, गाईच्या साधारण ४, साय पातळ येणारच. पिशवीचं म्हणाल तर टोन्ड दुधात ३ टक्के फॅट असतं, डबल टोन्डमध्ये दीड, ते पिशवीवर लिहिलेलंच असतं. आणि होमोजिनाइज्ड दूध असलं तर त्यातले फॅटचे थेंब यंत्रात दाबून इतके बारीक केलेले असतात की ते वर यायलाच मागत नाहीत, दूध चोख असूनही साय नावापुरती. भांड्यावर गच्च झाकण ठेवलं तरी साय पातळ, जाळीचं झाकण ठेवलं तर जाड, पसरट पातेल्यात आणखी चांगली. उलट दुधात स्टार्च मिसळून दूध दाट दाखवता येतं, म्हणजे दाटपणा बघून जो निश्चिंत झाला तोच फसला. स्टार्चची शंका असेल तर दोन-तीन मिली दूध पाच मिली पाण्यासोबत उकळा, थंड करा, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका, निळं झालं तर स्टार्च आहे. आणि साय रबरासारखी ताणली गेली म्हणजे प्लास्टिक, असंही काही जण जोडून पाठवतात, ती ताण प्रोटीनच्या जाळीची आहे.

लॅक्टोज सायीत दुधापेक्षा कमी असतो, शून्य नसतो, ज्यांना दूध पचत नाही त्यांनी भरवशावर राहू नका. चेहऱ्याचं म्हणाल तर डिसेंबरात गाल उलले की साय लावल्याने मऊ पडतात, रंग बदलत नाही.

आता स्वयंपाक, कारण इथे मेसेज वाचून लोकांनी भाज्या बिघडवल्यात. भिशीतल्या एका मैत्रिणीने अंबाडीच्या भाजीत साय घातली, अख्खी फाटली, दाणे दाणे. अंबाडी आंबट, सायीत प्रोटीन, आंबट आणि उष्णता एकत्र आली की प्रोटीन गोळा होणारच, आपण पनीर करतो तेच कढईत झालं. क्लॉटेड क्रीममध्ये फॅट भरपूर आणि प्रोटीन कमी म्हणून ते सहसा फाटत नाही, साय तशी नाही. सावजी रश्श्यात तर साय घालूच नका, वर जी लाल तर्री येते तीच त्याचा जीव आहे, साय पडली की ती मरते. मटार-पनीर, कोफ्ता, दुधीची भाजी, मखनी वरण, यांच्यात छान लागते. मी असं करते: ताजी, आंबट न झालेली साय फ्रीजमधून आधी बाहेर काढून ठेवते, दोन चमचे दूध आणि थोडी काजूची पेस्ट घालून चमच्याने फेटते, मिक्सरला जास्त फिरवली तर लोणी सुटतं, मग गॅस बंद केल्यावर, टोमॅटो चांगला शिजून तेल सुटलेलं असताना, शेवटी घालते आणि परत उकळत नाही. कणकेत एक चमचा साय मळली तर डब्यातल्या पोळ्या दुपारपर्यंत मऊ राहतात, माझ्या डब्यांचं अर्धं कौतुक त्याच्यामुळेच होतं.

क्लॉटेड क्रीमच करायचं असेल तर टेट्रापॅकच्या २५ टक्के फॅटच्या क्रीमने जमत नाही, मी दोनदा करून पाहिलं. दोन लिटर म्हशीचं दूध पसरट कढईत, अगदी बारीक गॅसवर, उकळी न येऊ देता दीड-दोन तास, मग हलवायचं नाही, कोमट झालं की तसंच फ्रीजमध्ये रात्रभर. आपल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवायची चूक करू नका. सकाळी झाऱ्याने वरचा थर उचलायचा. कॉर्नवॉलसारखं नाही होत, पण जवळ जातं, ब्रेड आणि काकवीसोबत खाऊन पाहा.

रोजची साय साठवायची तर पहिल्या दिवशीच डब्यात चमचाभर दही घाला, कोरी ठेवली तर आठ-दहा दिवसांत कडवट वास येतो आणि तूपही तसंच निघतं. घुसळताना उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घाला नाहीतर लोणी गोळाच होत नाही, हिवाळ्यात थोडं कोमट. लोणी रविवारी निघतं आमच्याकडे. बेरीत साखर मिसळून पुतणीला देते, ती दुधाचा कप संपवून मगच वाटी मागते. बाबांसाठी त्या दिवशी गरम पोळीवर सायीचा एक छोटा चमचा आणि काकवी, तेवढं डॉक्टरांना विचारून ठरवलंय.