ट्रकवाल्याचा चेहरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'ड्यूएल' या सिनेमावरच्या, म्हणजे एक ट्रक एका मोटारीच्या मागे लागतो त्या गोष्टीवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ट्रकवाल्याचा चेहरा नाही, पाठलागाचं कारण नाही, म्हणजे कथा अर्धवट. पणजीत एसीत बसून लिहिणाऱ्यांना असलं थोर वाटणारच."

आधी तुमचं बरोबर आहे ते. १९७१ साली टीव्हीवर दाखवलेला सिनेमा ७४ मिनिटांचा होता. ९० मिनिटांचा झाला तो नंतर, थिएटरसाठी. ती चूक मी दुरुस्त केली आहे.

पण 'एसीत बसून'? तुम्ही मला ओळखता का? माझे वडील कुडचड्याला खनिजाचा ट्रक चालवायचे, २०१२ला खाणी बंद पडेपर्यंत. लाल धुळीत वाढलोय मी. ट्रक म्हणजे काय, हे मला तुम्ही शिकवू नका.

आणि अनमोड घाट रात्री एकट्यानं उतरलोय. एक टँकर मागे लागला होता. आरशात नुसते दिवे आणि रेडिएटरची जाळी. साइड दिली तरी तो पुढे जाईना, मी वेग घेतला की तोही घ्यायचा. मोल्याला एका बंद टपरीपाशी गाडी आत घातली, तेव्हा तो सरळ निघून गेला. हाताला इतका घाम होता की किल्ली फिरेना. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "लोड गाडी रे, उतारावर आवरत नाही." कारण कळलं. भीती कणभरही कमी झाली नाही. आजही त्या घाटात आरशाकडे बघताना पोटात खड्डा पडतो.

म्हणून म्हणतो, चेहरा न दाखवणं ही पळवाट नाही. हॉटेलातला प्रसंग आठवा. नायकानं ट्रकवाल्याचा हात आणि बूट तेवढे पाहिलेत आणि समोर तसेच बूट घातलेली अनेक माणसं बसली आहेत. चेहरा माहीत असता तर तो प्रसंग उभाच राहिला नसता. खिडकीतून बाहेर आलेला हात 'जा पुढे' म्हणतो आणि समोरून गाडी येते, तेवढा हात पुरतो. मूळ कथा लिहिणाऱ्या मॅथेसनच्या मागे २२ नोव्हेंबर १९६३ रोजी खरोखरच असा ट्रक लागला होता. एसीत बसून सुचलेली गोष्ट नाही ती.

शेवट फुसका, संगीत कर्कश वगैरे तुमची मतं तुमच्यापाशी. सिनेमाला हवं ते म्हणा. माझी लायकी काढायचं मात्र काही कारण नव्हतं.