‘घरात बसून लिहिणं सोपं असतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. खरबुजाच्या पानांवर पडणाऱ्या केवडा (पिवळे डाग) आणि भुरी (पांढरी पूड) या दोन रोगांबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही म्हणता, केवड्याला बुरशी म्हणू नये, नुसत्या नजरेनं रोग ठरवू नये, गंधक पानं पोळतं हे लिहिलेलं नाही, आणि शेवटी, ‘घरात बसून लिहिणं सोपं असतं.’

पहिलं मान्य. शास्त्रात केवड्याचा जंतू खऱ्या बुरशीत धरत नाहीत. दुरुस्ती करतो.

पण ते शेवटचं वाक्य? दादा, समोरचा माणूस कोण, एवढं तरी आधी विचारायचं. गेवराई तालुक्यात, गोदावरीकाठी आमचं वावर आहे. एका जानेवारीत चार दिवस धुई हटली नाही आणि दीड एकर खरबुजावर पिवळे डाग आले. दुकानदार म्हणाला, भुरी आहे, गंधक मारा. मी मारलं. पण तो होता केवडा. आठ दिवसांत पानं कडेनं वळून करपली, फळं उघडी पडून उन्हानं भाजली. वाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंग पेपरचेसुद्धा पैसे निघाले नाहीत. आईनं त्या वर्षी कानातलं मोडलं. हे घरात बसून शिकलो का मी?

तेव्हापासून दव असतानाच पान उलटून बघतो. काकडीवर केवड्याचा डाग शिरांच्या चौकटीत अडकतो. खरबुजावर तो तितका कोनदार नसतो, कडा वेड्यावाकड्या असतात आणि लवकर तपकिरी पडतो. मी त्यातच फसलो होतो. खालच्या बाजूला करडी-जांभळट लव दिसली की केवडा. ऊन चढलं की ती नीट दिसत नाही. भुरी पिठासारखी, बोटाला लागते. गंधक भुरीवर चालतं, केवड्याला त्याचा काही उपयोग नाही. केवड्याला मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या औषधांचं मिश्रण, तेही डाग पसरायच्या आधी आणि पान खालून भिजेल असं.

नजरेनं ठरवू नका म्हणता, तर नमुना पाठवून अहवाल येईपर्यंत केवडा बांधावर थांबतो का? आणि भर उन्हात गंधक मारू नये, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यावर वेगळं काय लिहायचं?

चूक दाखवा, हजारदा दाखवा. पण माणसाच्या कष्टावर बोट ठेवायचं तर जरा जपून ठेवा.

तुमच्या वेलांवर आत्ता डाग असतील तर उद्या सकाळी सातच्या आत पानाच्या खालच्या बाजूचा फोटो काढून पाठवा. राग आलाय, तरी बघून सांगीन.