लिस्बनला तीनच दिवस जाताय? मग सिंत्रा सोडा

स्पेनच्या टूरला शेपूट म्हणून पोर्तुगालची राजधानी लिस्बन जोडायची पद्धत आता चांगलीच रुजली आहे. माद्रिद, बार्सिलोना झालं की तीन दिवस लिस्बन. त्यातला एक अख्खा दिवस सिंत्राच्या राजवाड्यांना, अर्धा कॅस्काइसच्या समुद्राला, मग अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये फोटो आणि बेलेंला जाऊन कस्टर्डचे टार्ट. ओळखीतलं कुणी ना कुणी दर महिन्याला असा प्लॅन पाठवून विचारतं, "ठीक आहे ना गं?"

नाही. मला ठीक वाटत नाही, आणि त्याचं कारण जरा सविस्तर लिहिते.

युरोपातल्या बहुतेक शहरांत आपण निव्वळ पाहुणे असतो. लिस्बनचं तसं नाही. गोवा, वसई, चौल, दमण, दीव इथला शेकडो वर्षांचा कारभार या शहरातून हाकला गेला. इथल्या कितीतरी भिंतींत आपल्या किनाऱ्यावरून गेलेला पैसा आहे. तीन दिवसांत सगळं बघून होत नाहीच, काहीतरी गाळावंच लागतं. मग ज्याच्याशी आपला संबंध आहे ते ठेवावं, बाकीचं गाळावं.

पहिला दिवस पायी फिरण्याचा, आणि तो १७५५ सालापासून सुरू करावा. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण. सकाळची वेळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि मोठा भूकंप झाला. मागोमाग टॅगस नदीतून त्सुनामीच्या लाटा आत शिरल्या, नंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं, आणि आशियाच्या व्यापाराचा हिशोब ठेवणारं 'कासा द इंडिया' हे कार्यालयही गेलं. आज तिथे पिवळ्या कमानींचा भव्य चौक आहे, पर्यटक आइस्क्रीम खात उभे असतात. त्या चौकामागचे सरळ, काटकोनातले रस्ते म्हणजे पोम्बाल या मंत्र्याने पुन्हा उभं केलेलं शहर. पुढच्या भूकंपात घरं तगावीत म्हणून भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घालायची पद्धत त्याच्याच काळात तिथे आली. अल्फामा या जुन्या वस्तीचा डोंगर बऱ्यापैकी वाचला, म्हणून तिथल्या गल्ल्या अजूनही वाकड्यातिकड्या. ही एक गोष्ट माहीत असली की अर्धं लिस्बन गाइडशिवाय कळतं.

मग कार्मो. भूकंपात छत कोसळलेलं चर्च तसंच ठेवलंय. कमानी उभ्या, वर थेट आभाळ. त्याच्यासमोरच्या छोट्या चौकात मी पुन्हा पुन्हा जाऊन बसले, त्याचं कारण वेगळं होतं. २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांनी याच चौकातल्या बराकीला वेढा घातला, पंतप्रधान कायतानो आत अडकले आणि संध्याकाळी त्यांनी सत्ता सोडली. जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही संपली. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला हे आपण शाळेत शिकतो. पण पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं. भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार झाला ३१ डिसेंबर १९७४ ला, या क्रांतीनंतर. म्हणजे गोव्याच्या इतिहासाचं एक पान या चौकात उलटलं, आणि आपली माणसं जवळच्या सांता जुस्ता या जुन्या लोखंडी लिफ्टचा फोटो काढून शेजारून निघून जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरा दिवस बेलें. जेरोनिमोसचा मठ सुंदर आहे. दगडात दोरखंड, पोवळी, पानं कोरलीत. मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून तो बांधला गेला, हे तिथे उभं राहून आठवावं. आत दाराजवळच वास्को द गामाची कबर. तो वारला आपल्याकडे, कोचीला, १५२४ मध्ये. अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. नदीकाठी जहाजाच्या आकाराचं मोठं स्मारक आहे, त्यावर गामा आहे, गोवा जिंकणारा अल्बुकर्क आहे, सेंट झेवियरही आहे. आताचं हे बांधकाम १९६० चं. गोवा मुक्त व्हायला तेव्हा दीड वर्षसुद्धा उरलं नव्हतं आणि लिस्बनमध्ये साम्राज्याचा एवढा उत्सव चालला होता. मुलं बरोबर असतील तर बेलेंच्या बुरुजावर कोरलेलं गेंड्याचं डोकं त्यांना शोधायला लावा. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे १५१५ मध्ये इथे उतरला होता.

टार्ट खा, जरूर खा. पण त्यानंतर बेलें स्टेशनवरून कॅस्काइसकडे जाणारी लोकल पकडा आणि थोडीच स्टेशनं पुढे काशियासला उतरा. बघण्यासारखं तिथे काही नाही. तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा हा माणूस शिक्षक म्हणून गोव्यात गेला, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात लढला, १९५५ मध्ये पकडला गेला. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं. गोवा मुक्त झाला, तरी ते तिथेच. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये, तीही इकडे महाराष्ट्रात सुधीर फडके आणि कितीतरी लोकांनी नेटाने चळवळ चालवल्यावर. मुक्तीनंतरची सात वर्षं एक मराठी माणूस या स्टेशनजवळ कैदेत होता, आणि आपल्या एकाही टूरच्या पत्रकात त्याचा शब्द नाही. तो तुरुंग आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी से कॅथेड्रलजवळचं अल्जूब बघा. हाही राजकीय कैद्यांचा तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. तिथल्या अरुंद कोठड्या बघितल्या की काशियासची थोडीफार कल्पना येते. दुपार प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्या, आपल्याकडच्या कारागिरांनी पोर्तुगीजांसाठी घडवलेल्या वस्तू तिथे आहेत. संध्याकाळ मोकळी ठेवा.

सिंत्रा वाईट नाही. चौथा दिवस असेल तर रोसियो स्टेशनवरून पाऊण तासाच्या आत पोचता, खुशाल जा. तीनच असतील तर नको.

आणि वार बघून तिकीट काढा. कार्मोचं संग्रहालय रविवारी बंद, जेरोनिमोस आणि बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद. गुरुवार ते शनिवार धरलात तर साप्ताहिक सुट्टी कुठे आडवी येणार नाही. बूट चांगल्या पकडीचे घ्या, तिथले फरसबंदी चढ पावसात फार निसरडे होतात.