थकू नका, कष्ट करा

निवृत्त माणसानं घरात नुसतं बसू नये, असं घरातल्या इतरांचं ठाम मत असतं. आमच्याकडे हे इतर म्हणजे दोघी. मुलगी कोरियन शिकते. आधी मालिकांपायी शिकत होती, आता चाकणकडे एखाद्या कोरियन कंपनीत दुभाषी व्हायचंय म्हणून. तिला उजळणीला कुणीतरी हवं होतं आणि घरात रिकामा मीच. त्याच सुमारास आमच्या कोंढव्यातल्या इमारतीत दोन मजले खाली कंदहारचा एक विद्यार्थी राहायला आला. त्याला रिक्षावाल्यांशी भांडण्यापुरती मराठी हवी होती. फी म्हणून त्यानं पश्तो देऊ केली. मराठे १७५८ साली अटकेपार गेले, पश्तोचा मुलूख तिथूनच लागतो. मी लिफ्टनं गेलो.

अशा रीतीनं वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माझी सकाळ कोरियनची आणि संध्याकाळ पश्तोची झाली. दुपारी बायको. ती कोल्हापूरची, म्हणजे ती तिसरी भाषा.

रात्री जेवताना वाद ठरलेला: अवघड कुठली?

कोरियन लिपीचा अपमान मी अजून विसरलेलो नाही. राजा सेजोंगनं ती १४४३ साली तयार केली आणि १४४६ मध्ये प्रजेला दिली. मूळ अक्षरं अठ्ठावीस, आता चोवीस. 'न' काढताना जीभ जशी वळते तसाच त्या अक्षराचा आकार. इतकी सोय करून वर सोबतच्या ग्रंथात लिहून ठेवलंय, की शहाण्याला ही लिपी सकाळ संपायच्या आत येईल, मूर्खाला दहा दिवसांत. मला एकोणीस लागले. मुलीनं कॅलेंडरवर मोजले.

पश्तोची लिपी अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे. पण अरबीत ट, ड, ण नाहीत आणि पठाणाचं त्यांच्यावाचून चालत नाही. मग त्यांनी त, द, न यांनाच एकेक छोटं कडं अडकवलं. न-ला कडं घातलं की ण. सफरचंदाला ते 'मणा' म्हणतात, आणि तो ण ऐकला तेव्हा मला परगावच्या एसटीत गावचा माणूस भेटल्यासारखं झालं. त्यात 'च'ची गंमत. आपण 'चार गाईंना चारा चार' असं लिहितो तेव्हा पहिला च वेगळा आणि पुढचे दोन वेगळे. लिहायला मात्र तिन्ही एकच. पश्तोत चाऱ्यातल्या च-ला स्वतंत्र अक्षर आहे, जहाजातल्या ज-लाही आहे. त्यांचा चार म्हणजे 'चलोर', आणि तो च चाऱ्यातला. शेवटी इराणी कुळातली भाषा, आपली लांबची चुलत बहीण. भाऊबंदांत अशी एखादी वस्तू सापडतेच, जी आपल्याकडे असून आपण नीट ठेवलेली नसते.

कोरियनशी आपलं काहीच नातं नाही, आणि वागते मात्र घरच्या सुनेसारखी. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. घरात, घराला, घराहून, सगळं आपल्यासारखं. मराठी वाक्य घ्यावं आणि शब्दाजागी शब्द ठेवत जावं. चुलत बहीण मात्र 'घरात' म्हणायला 'प कोर के' म्हणते. कोर म्हणजे घर. अर्धा प्रत्यय पुढे, अर्धा मागे, आणि घर मधे. रिक्षात दोन बायकांच्या मधे बसलेल्या मुलासारखं.

खरी परीक्षा जेवणाच्या वाक्याला. 'मी पोळी खाल्ली' यात खाणारा मी, पण क्रियापद पोळीप्रमाणे स्त्रीलिंगी. हे आपल्याला जन्मजात येतं म्हणून त्यातला अन्याय कळत नाही. पश्तोतही भूतकाळात हुबेहूब असंच होतं. कंदहारच्या पोरानं हे वाक्य पहिल्याच दिवशी न अडखळता म्हटलं, आणि मी त्याच्या मराठीचं कौतुक करत राहिलो. कोरियनला पोळीचं लिंग ठाऊकच नाही, खाणाऱ्याचंही नाही. तिथं फक्त एवढंच बघतात, की खाणारा वडीलधारा आहे का. आजी जेवत असेल तर खाण्याचं क्रियापद बदलतं, भाताचा शब्दसुद्धा बदलतो. आपला 'बाप' आणि आजीचा 'जिंजी'. थोडक्यात, पश्तोत क्रियापद पोळीकडे बघून वाकतं, कोरियनमध्ये सासूकडे बघून. मराठीत त्याला दोघींकडे बघावं लागतं.

माझी खरी वाट लागली ती उच्चारांत. कोरियनमध्ये त-च्या जागी तीन आवाज. एक आपल्या थ-जवळचा, एक ताठ त, आणि तिसरा ना धड द, ना त, ना थ. तिसऱ्यानं सुरू केलं तर चंद्र, ताठ त-नं मुलगी, थ-नं मुखवटा. 'ही माझी मुलगी' अशी ओळख करून द्यायचा सराव मी महिनाभर करतोय. पोरगी दोनदा चंद्र झाली, बाकीच्या वेळी मुखवटा. इकडे पश्तोत एक अक्षर असं, की कंदहारात ते ष आणि पेशावराकडे ख. म्हणून काहींची पश्तो आणि काहींची पख्तो. आपल्या भाषेची उत्तरेत भाखा होते, तसंच. पण माझा मास्तर कंदहारचा आणि त्याच्या खोलीत राहणारा जलालाबादकडचा, त्यामुळे एकाच शब्दावर मला एका संध्याकाळी दोनदा बोलणी बसायची.

होळीला मुलीच्या कोरियन बाईंना पुरणपोळीला बोलावलं. आल्या आल्या त्यांनी माझं वय विचारलं. कुठलं क्रियापद वापरायचं ते ठरायला नको का! त्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या निघाल्या. दोन पोळ्या झाल्या, कटाची आमटी झाली, मी कौतुकानं मुलीची मुखवटा म्हणून ओळख करून दिली, त्याही गोड हसल्या.

निघताना घोटाळा झाला. कोरियनमध्ये निरोप घेताना 'सुगोहासेयो' म्हणतात, म्हणजे साधारण 'कष्ट करत राहा'. मी ते कमरेत वाकून म्हटलं. मुलीचा चेहरा पडला. "बाबा! मोठ्यांना असं म्हणत नाहीत! वडीलधाऱ्यांना कष्ट करा म्हणतं का कुणी?"

मी गडबडलो. कष्टाच्या नेमकं उलट काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि तोंडात आयतं तेच आलं. पठाण वाटेत भेटला की म्हणतो, 'स्तड़य मा शे'. थकू नकोस. ते मी खणखणीत आवाजात म्हटलं. तेवढ्यात कंदहारचा पोरगा बदामांची पुडी घेऊन जिना चढून वर येत होता. सवयीनं त्याच्या तोंडून "ख्वार मा शे" असं उत्तर गेलं, आणि मग बाईंकडे बघून तो हळूच म्हणाला, "काका, बाईमाणसाला 'स्तड़े' म्हणायचं. 'स्तड़य' मला."

एका मिनिटात एकीकडून आदर चुकला, दुसरीकडून लिंग. बाई बिचाऱ्या चपला घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या, "बरं, येतो मी."

येतो! मुलीनं तोंड उघडलं, पोरानंही उघडलं. मी दोघांना डोळ्यांनी दाबलं.

दार लावून आत आलो तर बायको परात घासत होती. म्हणाली, "काय सुरेख मराठी बोलतात हो त्या. अगदी आमच्या कोल्हापूरच्या बाईवानी."