वुडहेडच्या बोगद्यात नरबळी दिले नव्हते

‘इंग्लंडमधील शापित रेल्वे’ असा मथळा असलेला एक फॉरवर्ड सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. तुमच्याकडे आला नसेल तर त्याचं सार असं. मँचेस्टर ते शेफिल्ड ही जगातली पहिली विजेवरची रेल्वे. ओसाड माळाखालून जाणारा तिचा वुडहेडचा बोगदा ढासळू नये म्हणून २६ मजुरांना जिवंत भिंतीत चिणलं. त्यांच्या आत्म्यांमुळे गाड्या मध्येच बंद पडू लागल्या आणि १९८१ मध्ये सरकारला मार्ग बंद करावा लागला. बोगदा आजही सील आहे आणि आत का जाऊ देत नाहीत हे कुणी सांगत नाही. त्या मार्गावर आता एकही गाडी धावत नाही. आणि शेवटी खास आपल्यासाठी: तिथं फसलेलं हेच तंत्र इंग्रजांनी आपल्या बोरघाटात आणून खपवलं.

एरवी मी असल्या पोस्टच्या वाटेला जात नाही. पण आमच्या मावशीचा नातू शेफिल्डला शिकतो. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर तो याच जुन्या मार्गाच्या पायवाटेवर फिरायला जातो. मावशीनं फॉरवर्ड वाचला, त्याला फोन केला आणि शपथ घातली. ऐंशीच्या घरातल्या बाईची झोप उडाली. त्या पोरानं मला विचारलं, ‘काका, आजीला काय सांगू?’ त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. माझे वडील कल्याणच्या शेडमध्ये फिटर होते. विजेच्या इंजिनांच्या गोष्टी ऐकतच मी वाढलो, त्यामुळे शेवटचा मुद्दा मला जास्त झोंबला हेही सांगून टाकतो.

आधी किरकोळ मुद्दा संपवू. जगातली पहिली विजेवरची रेल्वे? नाही. सीमेन्सनं बर्लिनच्या प्रदर्शनात विजेची गाडी चालवून दाखवली ती १८७९ मध्ये. इंग्लंडमध्येच ब्रायटनच्या किनाऱ्यावर १८८३ पासून फोल्क यांची छोटी विजेची रेल्वे धावते आहे. मँचेस्टर–शेफिल्ड मार्गावर पूर्ण विजेवर गाड्या सुरू झाल्या सप्टेंबर १९५४ मध्ये. पूर्णपणे विजेवर चालणारा ब्रिटनचा पहिला मेन लाइन मार्ग म्हणून तेव्हा त्याचा गाजावाजा झाला होता. फॉरवर्डवाल्यानं तेवढं कुठंतरी वाचलं असावं आणि ‘ब्रिटनचा’ काढून ‘जगातला’ घातलं.

आता नरबळी. पोस्टमधला सगळ्यात वाईट भाग हाच. नुसता खोटा असता तर सोडून दिला असता, पण हा मेलेल्या माणसांवर अन्याय करणारा आहे.

वुडहेडला एक नाही, तीन बोगदे आहेत. पहिला एकेरी रुळाचा, काम १८३८ च्या अखेरीस सुरू झालं आणि डिसेंबर १८४५ मध्ये त्यातून गाडी गेली. लांबी तीन मैलांहून थोडी जास्त, म्हणजे पाच किलोमीटरच्या आतबाहेर. शेजारी दुसरा एकेरी बोगदा १८५२ मध्ये पुरा झाला. तिसरा, दुहेरी रुळाचा, खास विजेच्या गाड्यांसाठी खणला आणि तो जून १९५४ मध्ये उघडला. पोस्टमध्ये बोगदा एकच, मजूर कोणत्या काळातले त्याचा पत्ता नाही, आणि ‘विजेच्या रेल्वेसाठी’ बळी दिले असं ठोकून दिलंय. मजुरांचे जे मृत्यू इतिहासात गाजले ते पहिल्या बोगद्यातले, वीज येण्याच्या शंभर वर्षं आधीचे.

ते मृत्यू कसे झाले याची नोंद आहे. ब्रिटिश संसदेनं १८४६ मध्ये रेल्वे मजुरांच्या स्थितीवर एक चौकशी समिती नेमली होती. वुडहेडचं प्रकरण तिच्यापुढे आलं, साक्षी झाल्या आणि त्या छापल्या गेल्या. समिती बसण्याआधीच मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन आणि सार्वजनिक आरोग्यासाठी झगडणारे एडविन चॅडविक यांनी हा विषय लावून धरला होता. बोगद्यावरच्या मजुरांवर उपचार करणारा सर्जन होता हेन्री पॉम्फ्रेट. त्यानं दिलेली संख्या ३२ मृत्यूंची आणि १४० गंभीर जखमींची. मोडलेली हाडं वेगळी, ती मोजली तर आकडा आणखी फुगतो. चॅडविकनं हे प्रमाण वॉटर्लूसारख्या लढायांत मेलेल्या सैनिकांच्या प्रमाणाशी ताडून पाहिलं, तर बोगद्यातलं प्रमाण जास्त भरलं.

ही माणसं मेली कशानं? सुरुंगानं, ढासळलेल्या दगडानं, खोल विहिरींसारख्या उभ्या भुयारांत पडून. सुरुंगाची दारू लोखंडी गजानं ठासत. लोखंड दगडावर घासलं की ठिणगी उडायची आणि दारू हातातच पेटायची. सेफ्टी फ्यूज, म्हणजे सुरुंग पेटवायची सुरक्षित वात, तेव्हा बाजारात मिळत होता. तो का वापरला नाही, असं समितीनं वेलिंग्टन पर्डन या सहायक इंजिनिअरला विचारलं. त्याचं उत्तर छापील आहे. त्याचा मथितार्थ असा: तो सुरक्षित असेलही, पण त्यात वेळ इतका वाया जातो आणि फरक इतका थोडा पडतो, की वाचतील त्या जिवांसाठी तो वेळ घालवा असं मी सुचवणार नाही.

हे उत्तर मी मावशीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे माहीत असून मारलं की रे.’

होय, माहीत असून. म्हणूनच मला या फॉरवर्डचा संताप येतो. भिंतीत चिणल्याची कथा सांगितली की दोष जातो कुठल्यातरी देवाकडे, डोंगराकडे, शापाकडे. खरा दोष होता वेळ वाचवणाऱ्या इंजिनिअरांचा, ठेकेदारांचा आणि भागधारकांना लवकर मार्ग उघडून दाखवायच्या घाईचा. मजूर त्या माळावर स्वतः रचलेल्या दगडमातीच्या खोपट्यांत राहत, वर हेदरच्या झुडपांचं शाकारणं. पगार कित्येक आठवड्यांनी हातात पडायचा, तोवर ठेकेदाराशी लागेबांधे असलेल्या दुकानातून चढ्या भावानं उधारी. दुसऱ्या बोगद्याच्या वेळी, १८४९ मध्ये, पटकीची साथ आली आणि त्यात आणखी २८ जण गेले. या सगळ्याला आत्म्यांची गरज नाही. अपघाताची भरपाई मालकानं द्यावी अशी शिफारस समितीनं केली होती. संसदेनं त्यावर त्या वेळी कायदा केला नाही. शाप म्हणायचाच असेल तर त्या बासनात गेलेल्या अहवालाला म्हणा.

बळीची अफवा आपल्याला नवी नाही. पूल बांधायला घेतला की मुलं पळवणाऱ्यांची बातमी उठते, आणि मग कुठल्यातरी गावात परक्या, गरीब माणसाला जमाव धरतो. नरबळीसारख्या अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१३ मध्ये कायदा केला, तो उगाच नाही. ‘इंग्रजसुद्धा बळी देत होते’ हे वाक्य पोस्टमध्ये ठळक अक्षरांत आहे. ते वाचून कुणाची तरी जुनी समजूत पक्की होणार, हे ते लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं.

आत्म्यांमुळे मार्ग बंद पडला, याचंही उत्तर सरकारी कागदांतच आहे. मँचेस्टर आणि शेफिल्ड यांच्यामध्ये पेनाइन डोंगर ओलांडणारे दोन मार्ग होते, एक वुडहेडचा आणि दुसरा दक्षिणेकडचा होप व्हॅलीचा. रेल्वेची छाटणी सुचवणारा बीचिंग यांचा अहवाल १९६३ चा. त्यात बंद करायचा मार्ग होता होप व्हॅलीचा, वुडहेड ठेवायचा होता. पण होप व्हॅलीतल्या गावांना दुसरी सोय नव्हती, म्हणून वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी १९६६ मध्ये तो मार्ग बंद करायला नकार दिला. मग संक्रांत आली वुडहेडवर. ५ जानेवारी १९७० पासून मँचेस्टर–शेफिल्ड प्रवासी गाड्या या मार्गानं जाणं थांबलं आणि शेफिल्ड व्हिक्टोरिया हे भलंमोठं स्टेशनही बंद झालं. पुढची अकरा वर्षं इथून मुख्यतः यॉर्कशरचा कोळसा पश्चिमेकडे जात राहिला. कोळशाची वाहतूक घटली, विजेची सामग्री जुनी झाली आणि १७ जुलै १९८१ च्या रात्री शेवटची मालगाडी गेली. मधला सगळा काळ कामगार संघटना आणि स्थानिक लोक बंदीविरुद्ध भांडत होते.

इथं एक गोष्ट मान्य करतो, मनापासून नाही पण करतो. ‘तंत्र फसलं’ या शब्दांत थोडा अंश खरा आहे. मार्गावर १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी, वीज होती. योजना १९३६ ची, मध्ये महायुद्ध आलं, काम पुरं व्हायला १९५४ उजाडलं. दोनच वर्षांत ब्रिटिश रेल्वेनं पुढच्या विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेची, पद्धत निवडली. वुडहेड एकटा पडला. त्याची इंजिनं दुसऱ्या मार्गांवर चालेनात, डब्यांना दोन्ही टोकांना इंजिन बदलावं लागे. हा तोटा खरा होता. पण इंजिनं वाईट होती असं मुळीच नाही. उतारावरून येणारी कोळशाची गाडी ब्रेक लावताना वीज पुन्हा तारेत सोडत असे, आणि तीच वीज समोरून चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. सात मोठी प्रवासी इंजिनं ग्रीक-रोमन देवतांच्या नावांची होती: इलेक्ट्रा, अरिअॅडनी, डायाना वगैरे. ती १९६९ मध्ये नेदरलंड्सला विकली गेली. त्यांतली सहा तिथं १९८६ पर्यंत धावली. फसलेली इंजिनं डच लोकांनी सतरा वर्षं चालवली नसती.

आता बोरघाट. पोस्टच्या लेखकानं दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर हा मुद्दा लिहिला नसता. मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, १५०० व्होल्ट डीसीवरच. कल्याण ते पुणे विजेवर आलं १९२९ मध्ये. वुडहेडच्या तारेत वीज पहिल्यांदा गेली १९५२ मध्ये, तीही आधी मालगाड्यांच्या टप्प्यावर. जे तंत्र तिथं पोचलंच नव्हतं ते तिथं फसून इथं कसं येईल? आपला घाट पंचवीस वर्षं पुढे होता.

खरा धागा वेगळाच आहे. मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमधल्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीनं जीआयपी रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाच्या) घाटातल्या इंजिनांची विजेची सामग्री बनवली. रेल्वेवाले ज्याला खेकडा म्हणत ते मालगाडीचं इंजिन त्यांतलंच. वुडहेडच्या इंजिनांनाही याच कारखान्याची विजेची सामग्री होती. म्हणजे सदतीस फुटांमागे एक फूट अशा चढाच्या आपल्या घाटात या कारखान्याची यंत्रं आधी राबली, पेनाइनच्या माळावर नंतर. वडील खेकड्याबद्दल बोलायला लागले की जेवण थंड व्हायचं. ती माणसं ज्या इंजिनांचा अभिमान बाळगून निवृत्त झाली, त्यांना कुणी ‘खपवलेला माल’ म्हणालं तर मी गप्प बसणार नाही. मुंबईच्या लोकलनं हीच डीसी वीज २०१६ पर्यंत वापरली, नव्वदहून अधिक वर्षं.

‘एकही गाडी धावत नाही’ हेही चूक. मँचेस्टर पिकॅडलीहून ग्लॉसप आणि हॅडफिल्डला आजही विजेच्या लोकल जातात. तो वुडहेड मार्गाचाच पश्चिमेकडचा तुकडा. १९८४ च्या डिसेंबरात त्याची वीज बदलून २५ हजार व्होल्ट एसी केली. डिंटिंगच्या उंच पुलावरून गाडी जाते, हॅडफिल्डला रूळ संपतात. तिथून पुढे रुळांच्या जागी पायवाट आहे, मँचेस्टरला पाणी पुरवणाऱ्या व्हिक्टोरियन तलावांच्या काठानं बोगद्याच्या तोंडापर्यंत. क्राउडन आणि वुडहेड ही माळावरची छोटी स्टेशनं प्रवासी गाड्या संपण्याच्याही आधी बंद झाली होती, कारण तिथं उतरणारं माणूसच नव्हतं. डोंगरापलीकडचं पेनिस्टोन स्टेशन मात्र चालू आहे, तिथून हडर्सफिल्ड–शेफिल्ड गाड्या जातात. आमचा पोरगा तिथंही जाऊन आला.

आणि सील केलेल्या बोगद्याचं ‘गुपित’ इतकंच: आत ४०० किलोव्होल्टच्या केबली आहेत. राष्ट्रीय उद्यानाच्या माळावर मनोरे नकोत म्हणून वीज कंपनीनं जुन्या व्हिक्टोरियन बोगद्यांपैकी एकात साठच्या दशकातच केबली टाकल्या होत्या. ते बोगदे खराब झाल्यावर २०१२ च्या सुमारास नव्या केबली १९५४ च्या बोगद्यात आल्या. माणसांना आत सोडत नाहीत ते यासाठी. रेल्वे पुन्हा सुरू करा म्हणणाऱ्यांनी केबली टाकायला कडाडून विरोध केला होता, कारण रेल्वेसाठी चांगला असलेला बोगदा त्यामुळे अडकणार होता. बोगदा परत विकत घ्यायचा नाही असं ब्रिटिश सरकारनं २०१३ मध्ये जाहीर केलं. मँचेस्टर आणि शेफिल्ड यांच्यामध्ये डोंगराखाली दुहेरी रुळांचा तयार बोगदा असताना वरच्या घाटरस्त्यावर ट्रकांची रांग लागते. मला विचाराल तर यात चर्चा करण्यासारखं खूप आहे, पण ती तिथल्या मंत्र्यांच्या निर्णयाची चर्चा आहे.