ती सोनेरी पट्टी फोनवरून काढा, काका

मोबाईलच्या रेडिएशनची भीती घालणारा हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि आजवर मी तो न वाचताच पुसत आलोय. पण या वेळी नागपुरातल्या मानेवाड्याच्या काकांनी तो खरा मानून बर्डीच्या बाजारातून सोनेरी पट्ट्या आणल्या, आपल्या नि काकूंच्या फोनला चिकटवल्या, आणि आता नातवाच्या फोनलाही लावा म्हणताहेत. म्हणून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: बॅटरीची शेवटची कांडी उरली की रेडिएशन हजारपट होतं. रात्री साडेबारा ते साडेतीन अवकाशातून कॉस्मिक किरणं येतात, तेव्हा फोन बंद ठेवा. भारतात रेडिएशनला मर्यादाच नाही. मोबाईलने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय. आणि यावर उपाय काय, तर ‘अँटी-रेडिएशन चिप’, म्हणजे हीच सोनेरी पट्टी!

आधी पट्टीच घेतो, कारण बाकीची भीती तिच्या खपासाठीच घातलेली दिसते. मेसेज ज्याला रेडिएशन म्हणतो त्या रेडिओ लहरी; फोन टॉवरशी बोलतो तो त्यांनीच. पट्टीने त्या पूर्ण अडवल्या तर फोन लागणारच नाही. थोड्या अडवल्या तर सिग्नल टिकवायला फोन आणखी जोर लावेल, म्हणजे उलटंच झालं. काहीच अडवलं नाही तर ती नुसती शोभेची. चौथी शक्यता मला तरी दिसत नाही. दुकानदार म्हणे सांगत होता, किरणं ‘शुद्ध’ होऊन बाहेर पडतात. काहून बाप्पा, आधी काय मळली होती? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही ग्राहकांना हेच सांगितलंय: असल्या वस्तू काम करतात याला पुरावा नाही, आणि सिग्नलला अडथळा आला तर फोन जास्त शक्ती वापरू शकतो. त्याहून वाईट नेदरलँड्समध्ये निघालं. फाइव्ह-जीपासून वाचवतो म्हणून विकला जाणारा असला माल तिथल्या अणुसुरक्षा यंत्रणेने तपासला, आणि डिसेंबर 2021 मध्ये त्यातल्या दहा वस्तू वापरू नका असं जाहीर केलं. त्या स्वतःच किरणोत्सर्गी होत्या! डीएनएला इजा करणारी जी किरणं मोबाईलमधून निघतच नाहीत, ती या ‘संरक्षणा’तून निघत होती. त्यात एक ब्रेसलेट लहान मुलांचं होतं. काकांची पट्टी तशीच असेल असं मी म्हणत नाही. पण ती कशाची आहे हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही, आणि ती नातवाच्या फोनला लावायची?

‘भारतात मर्यादाच नाही’ हे साफ खोटं. 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडे फोनच्या लहरींतून शरीराने किती ऊर्जा शोषावी याची मर्यादा आहे, शरीराच्या किलोमागे 1.6 वॉट, तीही एक ग्रॅम ऊतीवर मोजलेली. युरोपात ती डोकं आणि धडासाठी दहा ग्रॅमवर 2 वॉट आहे, म्हणजे आपला नियम जास्त कडक. *#07# डायल करा, बऱ्याच फोनवर त्या फोनचा हा आकडा समोर येतो. आता कंपन्या कधीच चुकत नाहीत असंही नाही. 2023 मध्ये फ्रान्सने आयफोन 12 ची विक्री थांबवली होती. हातात किंवा खिशात धरून केलेल्या चाचणीत हातापायांसाठीच्या 4 वॉटच्या मर्यादेऐवजी 5.74 आलं, मग कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं. पण यातून नियम आहेत आणि त्यांची तपासणी होते हेच दिसतं ना?

बॅटरीच्या कांडीत मात्र, नाइलाजाने मान्य करतो, अर्धं सत्य अडकलंय. फक्त कांडी चुकली. बॅटरी उतरल्याने काही होत नाही. सिग्नल कमी असला, लिफ्टमध्ये किंवा तळघरात, तर फोन शेकडो पट जोर लावू शकतो. पण फोनची चाचणी त्याच्या कमाल जोरावरच होते, तेव्हा 1.6 ची हद्द तिथेही लागू असते. तरी धास्ती वाटत असेल तर स्पीकर लावा, फुकट आहे.

कॉस्मिक किरणं बारा महिने चोवीस तास येतच असतात, त्यांना साडेबाराचा मुहूर्त लागत नाही. काकू मात्र रोज रात्री फोन बंद करतात. मुलगी अमरावतीला असते, अपरात्री काही लागलं तर तिने कुणाला फोन करायचा?

राहिला कॅन्सर. 2011 मध्ये आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी ‘कदाचित कारणीभूत’ या 2-बी गटात टाकल्या, हे खरं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. त्यानंतर त्याच आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा 2024 मध्ये आला, 63 अभ्यासांचा. मोबाईलचा मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. काकांच्या फोनवर तर दिवसाला दोन कॉल येतात, आणि त्यातला एक कर्ज घ्या म्हणणाऱ्यांचा असतो.